रिमोटची गाडी घेण्यापूर्वी

या सदरात आजवर खोडकिडा, खारफुटी, नारळाची फळगळ आणि आंब्याचा मोहोर यांवरच लिहीत आलो आहे. यावेळी मात्र दोन पत्रांनी मला वेगळ्या वाटेला नेले. पोयनाडकडच्या खारेपाटातील एका वाचकाचा मुलगा नववीत आहे. त्याने रिमोटवर चालणाऱ्या गाडीचा हट्ट धरला आहे आणि पसंत केलेल्या गाडीची किंमत बारा हजार रुपये आहे. सहा हजारांत काम भागेल का, आणि मुळात अशी वस्तू शेतकऱ्याच्या घरी आणावी का, असे वडील विचारतात. दुसरे पत्र मुरूडकडच्या एका भगिनीचे. त्यांनी दोन वर्षांत जत्रेतून दोन गाड्या घेतल्या आणि दोन्ही आठवडाभरात मेल्या. आता तिसरी मागितली जात आहे. शेतीच्या अधिकाऱ्याला हा प्रश्न विचारावा याचे काहींना हसू येईल. पण पैसा त्याच बटव्यातून जातो ज्यातून खताचा जातो, आणि यंत्र कसे पारखावे हे शेतकऱ्याला मुंबईकरापेक्षा अधिक कळते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की रिमोटच्या गाड्या दोन जातींच्या असतात. एक खेळणे आणि दुसरी हौसेची, म्हणजे हौशी लोक बाळगतात ती. दिसायला दोन्ही सारख्या, किंबहुना खेळण्याचा रंग अधिक झगझगीत. फरक आत आहे. खेळण्यात सगळी विद्युतयंत्रणा एकाच पट्टीवर डाग देऊन बसवलेली असते. एक भाग गेला की सगळे गेले. हौसेच्या गाडीत प्रत्येक भाग सुटा असतो, चार स्क्रू काढले की निघतो आणि बाजारात वेगळा विकत मिळतो. आपण फवारणी पंप घेताना काय पाहतो? वॉशर, नोझल आणि लान्स तालुक्याच्या गावी मिळतो का, ते पाहतो. कितीही स्वस्त असला तरी ज्याचा वॉशर मिळत नाही तो पंप कोणी घेत नाही. इथेही तोच नियम लावावा. दुकानदारास एकच प्रश्न विचारावा: हिचा दातेरी गिअर तुटला तर नुसता गिअर मिळेल का? तो हसला किंवा नवीनच घ्या म्हणाला, तर ते खेळणे समजावे. मुरूडच्या भगिनींच्या दोन्ही गाड्या याच जातीच्या असणार.

खेळणे घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला पाचशे ते हजार-बाराशे रुपयांचे खेळणे ठीक आहे. मात्र त्यावर आय.एस.आय. खूण आहे का ते पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ही खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. हौसेच्या गाडीच्या खोक्यावर बहुधा १४ वर्षांवरील असे छापलेले असते, आणि ते उगाच नसते. त्याचे कारण पुढे येईल.

आता गाडीच्या पोटात काय असते ते पाहू. मुलाच्या हातातील यंत्र रेडिओलहरी पाठवते, त्यास ट्रान्समीटर म्हणतात. गाडीतील रिसीव्हर त्या ऐकतो. ऐकलेला हुकूम दोघांकडे जातो. पुढची चाके वळवणारी छोटी डबी असते तिला सर्व्हो म्हणतात. ती नुसती फिरत नाही, सांगितले तेवढ्याच अंशात वळून थांबते. दुसरा स्पीड कंट्रोलर. याचे काम खारबंदिस्तीच्या उघाडीसारखे आहे. बॅटरीतून मोटारीकडे किती वीज सोडायची ते तो ठरवतो. खेळण्यात बहुधा उघाडी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, मधले काही नाही, म्हणून ते गचके देत पळते. हौसेच्या गाडीत बोटाच्या दाबाप्रमाणे वेग कमीजास्त होतो. मोटारीपुढे गिअर, आणि बऱ्याच गाड्यांत डिफरन्शियलसुद्धा. ट्रॅक्टर वळताना बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरते ते ज्यामुळे, तेच हे डिफरन्शियल, इथे पेरूएवढ्या डबीत बसवलेले. ट्रॅक्टरचे खोलून पाहण्याची संधी मुलाला कोण देणार? हे मात्र तो पडवीत बसून खोलू शकतो.

ही विद्या नवी नाही. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात रेडिओवर चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. मोटारगाड्यांची हौस घरोघर पोचवण्यात जपानच्या तामिया कंपनीचा मोठा वाटा आहे. तिची पहिली रिमोटची गाडी १९७६ साली निघाली. ती पोर्श गाडीची बाराव्या हिश्श्याची प्रतिकृती होती. आपल्याकडे त्या काळी साध्या रेडिओलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे, हे वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. आज खेळण्यांत वापरल्या जाणाऱ्या २७ मेगाहर्ट्झच्या लहरी किंवा हौसेच्या गाड्यांतील २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ठरवून दिलेल्या शक्तीच्या आत वापरण्यास परवाना लागत नाही. ही मोकळीक २००५ साली मिळाली. यातला एक व्यवहारी भाग असा की २७ मेगाहर्ट्झची दोन खेळणी एकाच अंगणात चालवली तर एकाच्या रिमोटवर दुसरीही पळते आणि भावंडांत मारामारी होते. २.४ च्या गाडीची आपल्या रिमोटशी जोडी ठरलेली असते, त्यामुळे दहा गाड्या एकत्र चालल्या तरी गोंधळ होत नाही.

किमतीकडे वळू. हे आकडे साधारण आहेत. दुकानागणिक आणि महिन्यागणिक ते खालीवर होतात.

नवशिक्याला परवडणारी हौसेची गाडी साडेतीन ते पाच हजारांच्या दरम्यान येते. डब्ल्यूपीएल नावाच्या चिनी कंपनीच्या गाड्या या भावात मिळतात. तिची डी-१२ ही सुझुकी कॅरी या मालवाहू टेम्पोची दहाव्या हिश्श्याची प्रतिकृती आहे. मागे उघडा हौदा, आपल्या बाजारपेठेत कांदा वाहणाऱ्या छोट्या टेम्पोसारखाच. सी-२४ ही चारही चाकांना जोर असणारी, दगडधोंड्यांवर चढणारी आहे. दोन्ही हळू चालतात. हळू चालणे हा मी गुण समजतो. खेड्यात शिकणाऱ्याला हळू आणि दमदार गाडीच बरी. बांधावर चढवा, ओहोळाच्या गोट्यांवरून न्या, हौद्यात दोन आंबे ठेवून घरापर्यंत आणा, त्यातच खरे कसब आहे.

पोयनाडच्या मुलाने पसंत केलेली गाडी बहुधा डब्ल्यूएलटॉइजच्या १४४००१ सारखी असावी. अशी गाडी नऊ ते बारा हजारांस पडते. चौदाव्या हिश्श्याची, चारही चाकांवर चालणारी, आणि वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत असल्याचे कंपनी सांगते. त्या वेगाने येणारी किलोभर वजनाची वस्तू पोराच्या नडगीवर आदळली तर हाड मोडेल. कोंबडी तर जागीच जाईल. याच्या वर ट्रॅक्सससारख्या अमेरिकन कंपन्यांच्या गाड्या आहेत. त्या पंचवीस-तीस हजारांपासून पुढे कितीही जातात. त्यांच्याविषयी या पानावर बोलण्यात अर्थ नाही.

एवढी किंमत का, तर यातली बहुतेक वस्तू परदेशातून येते. खेळण्यांवरील आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७० टक्के. देशी कारखानदारीला आधार मिळावा हा हेतू. खेळण्यांत तसे घडतेही आहे, परंतु हौसेच्या दर्जाच्या गाड्या अजून बहुतांशी बाहेरच्याच आहेत.

मात्र खोक्यावरची किंमत म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. अलिबाग, वरसोली, नागावच्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. पुळणीवरच्या बैलगाडी शर्यतींची हौस आपल्या रक्तात आहे. २०१४ साली त्या बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये कायदाच वैध ठरवला. या मधल्या सात वर्षांतही ज्यांनी बैल विकले नाहीत, त्यांना विचारा. ते बैलाची किंमत सांगत नाहीत, वैरणीचा आणि पेंडीचा हिशोब सांगतात. गाडीचेही तसेच आहे. साडेचार हजारांच्या गाडीला दुसरी बॅटरी आठशेची लागते, कारण एका बॅटरीवर खेळ पंधरा-वीस मिनिटांतच संपतो. चांगल्या पोलादाचे पेचकस आणि ग्रीस चारशेचे. वर्षभरात गिअर, दांडे, टायर मिळून हजार रुपये धरावेत. म्हणजे पहिल्या वर्षाचा आकडा सहा हजार सातशे. बारा हजारांच्या वेगवान गाडीस दोन जादा बॅटऱ्या चोवीसशेच्या, बरा चार्जर अठराशेचा आणि मोडतोड तीन हजारांची धरली तर एकोणीस हजार दोनशे होतात. वेग वाढला की मोडतोड वाढतेच. वडिलांनी सहा हजारांचा जो प्रश्न विचारला आहे, तो या हिशोबाशी ताडून पाहावा.

यात वाचवण्यासारखे एकच आहे, तो म्हणजे रंगीत वरचे कवच आणि दिवे. आणि अजिबात वाचवू नये असे एकच आहे, तो चार्जर.

बॅटरीविषयी बारकाईने सांगतो, कारण घराला आग लागण्याचा संबंध इथे येतो. गाडीत दोन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. निकेलची सहा घरांची ७.२ व्होल्टची बॅटरी सोशिक असते. नवख्या हाताला तीच बरी. लिथियमची दोन घरांची बॅटरी ७.४ व्होल्टची म्हणून विकली जाते. ती हलकी आणि जोरकस, पण नाजूक. पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट होते, त्यावर एक दशांशही जाऊ देऊ नये. चालवताना साडेसहाच्या खाली उतरू देऊ नये. गाडी मंदावली की खेळ थांबवावा, रेटून संपवू नये.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता बॅटरीचा फवारणी पंप आहे. त्याची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, आणि तिचा चार्जर १४ व्होल्टच्या आसपास वीज देतो. गाडीचा चार्जर हरवला किंवा बिघडला म्हणून मुलाने पंपाचा चार्जर वायरी जोडून लिथियमच्या बॅटरीला लावला, तर ती फुगते आणि पेट घेते. असे न करण्याची ताकीद मुलास गाडी हाती देण्यापूर्वीच द्यावी. शक्य तर पंपाच्या चार्जरवर लाल चिंधी बांधून ठेवावी.

चार्जिंग लादीवर किंवा कोब्याच्या जमिनीवर करावे. गादीवर नको, माच्यावर नको, आणि पेंढ्याच्या उडवीजवळ तर मुळीच नको. रात्री लावून झोपू नये. पंधराशे मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीला दीड अँपिअरपेक्षा अधिक वेगाने भरू नये, म्हणजे तासभर लागतो. तेवढा वेळ कोणीतरी नजर ठेवावी. जवळ सुक्या वाळूची बादली असावी. आपल्याकडे वाळूला तोटा नाही. बॅटरी पापडासारखी फुगली तर तिचे आयुष्य संपले. तिला टोचू नये, कचऱ्याबरोबर जाळू नये. विकणाऱ्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे परत द्यावी. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

गाडी कोठे चालवावी? पुळण डोळ्यांपुढे येते हे साहजिक आहे. पण ओली पुळण ही या गाडीची वैरीण आहे. खोक्यावर पाणी लागले तरी चालेल असे लिहिले असले, तरी ते पाणी गोडे असे समजावे. खारे पाणी बेअरिंगमध्ये गेले की दोन दिवसांत तांबूस गंज धरते, आणि बारीक रेती गिअरचे दात जात्यासारखी दळून काढते. गेलाच मुलगा किनाऱ्यावर, तर घरी आल्यावर आधी बॅटरी काढावी, मऊ ब्रशाने रेती झाडावी, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे, सावलीत सुकवावे आणि बेअरिंगला थेंबभर तेल द्यावे. याहून उत्तम जागा आपल्यापाशी आहेच. भातकापणीनंतर ज्या खाचरात वाल पेरलेला नाही ते खाचर. जानेवारी ते मे ते कोरडे ठणठणीत असते, चारी बाजूंनी बांध असतो, गाडी बाहेर पळत नाही आणि डांबरी रस्त्याची भीती नाही. मधोमध चार नारळाच्या करवंट्या मांडल्या की वळणांचा सराव होतो.

आता ज्यांना साडेचार हजारही जड आहेत त्यांच्यासाठी. मुलगा-मुलगी आठवीच्या पुढे असेल आणि हाताला वळण असेल, तर गाडी घरी जोडता येते. गिअर बसवलेल्या पिवळ्या छोट्या मोटारी चाकांसह चार, मोटारी चालवणारी पट्टी, आर्डुइनो नावाची छोटी मेंदूपट्टी, ब्लूटूथची चकती, दोन लिथियमचे गोल सेल, त्यांची खोबणी, त्यांचा स्वतंत्र चार्जर आणि वायरी, हे सगळे पंधराशे ते अठराशेत बसते. रिमोट म्हणजे घरातलाच मोबाइल. पल्ला फारतर दहा मीटर, वेग बैलाच्या चालीचा. पण तिच्या मेंदूपट्टीत काय हुकूम भरायचा ते मुलाने स्वतः लिहायचे असते. गौरी-गणपतीत हलत्या देखाव्यासाठी मोटार, पट्टा आणि दिव्यांची जुळणी करणारी पोरे आपल्या गावोगाव आहेत. त्यांना हे काम आठ दिवसांचे. माझ्या मते विकतच्या गाडीपेक्षा यात अधिक शिकणे आहे आणि कमी मिरवणे. काहींना मिरवणेही हवे असते, त्यास इलाज नाही.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, ग्रँट रोड स्टेशनाला लागून. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरणाऱ्यास एका दिवसात जाऊन येता येते. पुण्यास नातेवाईक असतील तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात हीच दुकाने आहेत. घरपोच मागवण्याची सोय आहे, पण पहिल्या वेळी स्वतः जावे आणि मुलास बरोबर न्यावे. दुकानातल्या माणसाला चार प्रश्न विचारल्याने जे कळते ते मोबाइलवरच्या चित्रात कळत नाही. खर्च करण्यापूर्वी मात्र शाळेत एकदा चौकशी करावी. नीती आयोगाने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या आहेत. शाळेस त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अशा दहा हजार प्रयोगशाळा देशभर उभ्या राहिल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. आपल्या किंवा शेजारच्या गावच्या शाळेत ती असेल तर वर सांगितलेल्या बहुतेक वस्तू तिथल्या कपाटात असतात. कपाटाला कुलूप असेल तर पालकांनी मुख्याध्यापकांस भेटून ते उघडायला सांगावे.

एवढे शिकून पुढे काय, असे आजोबा विचारणार. गाडी आपल्यापासून दूर जात असते तेव्हा उजवीकडे वळवण्याचा हुकूम दिला की ती आपल्या उजवीकडे वळते. तीच गाडी आपल्याकडे येत असेल तेव्हा तोच हुकूम तिला आपल्या डावीकडे नेतो. नवख्याची गाडी बांधावर आदळते ती इथेच. हे गणित डोक्यातून बोटांत उतरायला पंधरा-वीस दिवस लागतात. फवारणीचा ड्रोन उडवणाऱ्यालाही हेच गणित सोडवावे लागते, फक्त तिथे चुकीची किंमत लाखांत असते. ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र १८ वर्षे पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असणाऱ्यास मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन मिळते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. त्यात १५ हजार महिला बचत गटांना ड्रोनसाठी ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मदत आणि गटातील एकीस पंधरा दिवसांचे प्रशिक्षण ठरले. तेव्हा घरात गाडी आलीच तर रिमोट केवळ मुलाच्याच हाती राहू नये. बहिणीचीही पाळी लावावी. पुष्कळ घरांत तिच्या वाट्याला फक्त चिखल पुसण्याचे काम येते असे मी पाहतो.

पोयनाडच्या वाचकांस माझे उत्तर असे. बारा हजारांची गाडी आज घेऊ नये. चार-साडेचार हजारांची, सुटे भाग मिळणारी, हळू चालणारी गाडी कापणीनंतर घ्यावी, किंवा मुलाची तयारी असेल तर घरी जोडावी. पहिला गिअर मोडेल तेव्हा तो मुलाने स्वतः काढून स्वतः बसवावा, आपण नुसते शेजारी बसावे. ज्याने तीन वेळा अशी दुरुस्ती केली त्याला वेगवान गाडीचा विचार करण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी त्याने पांढऱ्या कांद्याच्या माळा विणायला हात लावून काही रक्कम स्वतः जमवावी. ज्याची गाडी पहिल्या मोडतोडीनंतर माळ्यावर गेली, त्याचे बारा हजार वाचले असे समजावे.

पावसाळ्यासाठी एक सूचना. मृगापूर्वी गाडी स्वच्छ करून कोरड्या डब्यात ठेवावी. लिथियमची बॅटरी गाडीतून काढून निम्मी भरलेली, म्हणजे ७.६ व्होल्टच्या सुमारास, वेगळी ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर गणपतीपर्यंत निकामी होते. महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहावे. दीड-दोनशे रुपयांचा तपासणी मीटर त्यास पुरतो, आणि तोच मीटर फवारणी पंपाच्या बॅटरीसही चालतो.